मुतारीचं स्थलांतर

ऑस्ट्रेलियातल्या यारपीना गावच्या फुटबॉल क्लबच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला गैरहजर राहायचं नसतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जो सभेत नसतो त्याचं नाव एखाद्या पदासाठी सुचवलं जातं, दुसरा लगेच अनुमोदन देतो, आणि विरोध करायला तो गृहस्थ जागेवर नसल्यामुळे निवड बिनविरोध होते. म्हणून लोक ताप अंगावर काढून सभेला येतात. एक जण सासऱ्याच्या दफनविधीवरून थेट आला होता, बुटांना कबरीची माती तशीच. एका बाईंनी कँटीनचं पद टाळण्यासाठी कळा सुरू झालेल्या असताना आभारप्रदर्शनापर्यंत दम धरला. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, आणि कँटीन दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडलं.

गॅव्हिन पेंगेलीने आजवर एकही सभा चुकवली नव्हती. गावातल्या एकमेव औषधांच्या दुकानाचा मालक, स्वभावाने सावध, शर्टाच्या खिशाला कायम पेन. सभेत तो मागच्या रांगेत बसे, सगळ्या ठरावांना हात वर करी आणि कुठल्याही विषयावर मत देत नसे. पण यंदा दाढेने दगा दिला. ॲडलेडच्या दंतवैद्याने नेमका सभेचाच दिवस दिला आणि तो संध्याकाळी अर्धा जबडा बधिर झालेल्या अवस्थेत घरी पोचला, तेव्हा फोन वाजतच होता.

"अभिनंदन, गॅव्ह!" पलीकडून अध्यक्ष ब्रेंटन ट्रेझाइझचा आवाज आला. ब्रेंटन गव्हाचा मोठा शेतकरी. फोनवरही तो ट्रॅक्टर चालू असल्यासारखाच बोलतो. "तू आपला समान संधी अधिकारी झालास. नवीन पद आहे. लीगने काढलंय. काही काम नसतं म्हणे."

गॅव्हिनला नाही म्हणायचं होतं. पण बधिर जबड्यातून नकार नीट बाहेर पडला नाही, आणि ब्रेंटन थांबून ऐकणाऱ्यांतला नव्हता.

"वा! हाच उत्साह पाहिजे," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

काम नसतं ही बातमी दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी लीगकडून निरोप आला. ज्या मैदानावर मुलींचे सामने होतात तिथे यंदापासून मुलींसाठी दारं असलेले संडास आणि पडदे असलेले शॉवर हवेत. मोसमातल्या घरच्या पहिल्या शनिवारी तपासणी होईल. सोय नसेल, तर मुलींचे घरचे सगळे सामने टॅलरूच्या मैदानावर हलवले जातील.

टॅलरू म्हणजे पलीकडचं गाव. त्या गावाबद्दल यारपीनात कुणी चांगलं बोललेलं आठवत नाही. पण खरी अडचण शत्रुत्वाची नव्हती. शनिवारी अख्खं कुटुंब मैदानावर राबत असतं. आई कँटीनमध्ये पेस्टीज, म्हणजे खिम्याच्या करंज्या, गरम करते, बाप सीमारेषेवर पंच असतो, थोरला भाऊ दुसऱ्या संघात खेळतो. त्यात एकट्या मुलींना टॅलरूला कोण पोचवणार? चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ मोठ्या मुश्किलीने उभा राहिला होता. दोन मोसम त्या पोरींनी गाड्यांमध्ये कपडे बदलून काढले. आया बाहेर टॉवेल धरून उभ्या राहायच्या. पण यारपीनाचा वारा असा, की टॉवेल हातात आणि लाज वाऱ्यावर. संडासासाठी रस्ता ओलांडून पेट्रोल पंपावर जायचं. आता सामनेच टॅलरूला गेले, की संघ मोडलाच म्हणून समजा.

त्या संघात गॅव्हिनची मुलगी टिली खेळते. ती जेवताना शांतपणे म्हणाली, "बाबा, तुला जमणार नसेल तर आत्ताच सांग. म्हणजे आम्ही आमचं बघू."

बापाच्या वर्मी लागायला यापेक्षा जास्त काही बोलावं लागत नाही.

गॅव्हिन दुसऱ्याच दिवशी क्लबच्या इमारतीत गेला. यजमानांच्या चेंजिंग रूमच्या एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत पोलादी मुतारी होती. जनावरांना पाणी पाजायचा लांबलचक हौद भिंतीला टेकवून ठेवावा, तशी. ती काढली तर त्या जागी दारांचे तीन संडास सहज बसत होते. गॅव्हिनने पेनाच्या टोपणाने अंदाज घेतला, त्याच्या मनाला समाधान वाटलं, आणि त्या समाधानाच्या भरात क्लबच्या बारपाशी तो बोलून गेला, "त्यात काय! ती मुतारी काढायची. एका रविवारचं काम."

कोपऱ्यातल्या टेबलावरून क्लॅरी नॅनकिव्हेल उठले. क्लॅरी म्हणजे क्लबचे सगळ्यात जुने आजीव सभासद. वय ऐंशीच्या पलीकडे, पण आवाज अजून पंचाच्या शिट्टीला भारी पडणारा.

"पोरा," ते म्हणाले, "ती मुतारी आमच्या संघाने बसवली आहे. विजेतेपद मिळालं त्या वर्षी. गव्हाच्या कोठाराचं पोलाद, आम्ही स्वतः वाकवलेलं. चौदा माणसं एका रांगेत उभी राहतात. बँकेचा मॅनेजर आणि मेंढ्या कातरणारा, खांद्याला खांदा लावून. तू समान संधी अधिकारी ना? मग याहून समान संधी तू दुसरी कुठली दाखवणार?"

टाळ्या पडल्या. गॅव्हिनने बिअरचा ग्लास तसाच ठेवला आणि घरी गेला.

इथून पुढे गावाला सल्ले सुचू लागले. सल्ला ही अशी गोष्ट आहे, की मागितला नाही तर अधिक मिळतो. कुणी म्हणालं, मुलींनी घरूनच कपडे घालून यावं. ("मग पुरुषांनी का येऊ नये?" गॅव्हिनची बायको हेदर म्हणाली, आणि सल्लागार पेस्टी आणायला निघून गेला.) कुणी म्हणालं, मुतारीवर फळ्या ठोकून बाक करावा. कुणी म्हणालं, तिच्यात माती भरून फुलझाडं लावावीत, खत आपोआप मिळेल. शेजारी मर्व हा निवृत्त प्लंबर. तो रोज संध्याकाळी कुंपणावर कोपरं टेकून एकच वाक्य म्हणायचा.

"पाइपांना हात लावू नकोस, गॅव्ह."

"का पण?"

"ते कुठून येतात ते मला ठाऊक आहे. कुठे जातात ते देवाला ठाऊक."

दुकानात लोक खोकल्याचं औषध मागायला येत आणि जाताना विचारत, "मग, त्या मुतारीचं काय?" एका आठवड्यात गॅव्हिनचं नाव मुतारीमंत्री पडलं. वीस वर्षं ज्या माणसाने गावाला तापाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या अदबीने दिल्या, त्याची ही प्रतिष्ठा! पाद्रीसाहेबांनी थांबवून "कार्य कसं चाललंय?" असं विचारलं, तेव्हा त्यांनाही चर्चच्या कामाबद्दल विचारायचं नव्हतं.

क्लॅरी मात्र हातावर हात ठेवून बसले नव्हते. त्यांनी नातसुनेकरवी कौन्सिलकडे अर्ज केला, की यारपीनाची मुतारी हा गावाचा वारसा आहे.

कौन्सिलला वर्षानुवर्षं रस्त्यातले खड्डे दिसत नाहीत, पण हा अर्ज दिसला. वारसा विभागाच्या लिन डुओंगबाई पुढच्याच आठवड्यात हजर झाल्या. तरुण, तडफदार, बूट स्वच्छ, गळ्यात कॅमेरा. त्यांनी मुतारीची लांबी मोजली, सांधे तपासले, तिच्यासमोर उभं राहून निरनिराळ्या कोनांतून फोटो काढले. गॅव्हिन शेजारी टेप धरून उभा होता. चांगल्या घरातल्या बाईसमोर मुतारीचं दुसरं टोक धरून उभं राहताना चेहरा कसा ठेवावा, हे त्याला कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवलेलं नव्हतं.

"हिच्याशी निगडित आठवणी कुणी सांगू शकेल का?" बाईंनी विचारलं.

बाहेर म्हाताऱ्यांची रांग लागली होती. क्लॅरींनी सुरुवात केली. धो धो पावसातला अंतिम सामना, मध्यंतर, सगळा संघ इथे रांगेत उभा, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि कर्णधार भिंतीकडे बघत एवढंच म्हणाला, "पोरांनो, आता नाही तर कधी?" बाईंनी टिपणं काढायची थांबवली. गॅव्हिनला कबूल करावं लागलं, की गोष्ट चांगली होती.

निकाल आला. वारसा ठरवण्याचं काम समिती यथावकाश करील. तोवर तीन अटी. मुतारी तोडायची नाही. मैदानाच्या हद्दीबाहेर न्यायची नाही. तिचा परंपरागत वापर बंद पाडायचा नाही.

"म्हणजे काय?" टिलीने विचारलं.

"म्हणजे ती तिथेच राहणार, आणि लोक तिथेच..." गॅव्हिनने वाक्य अर्धं सोडलं.

"आणि आम्ही टॅलरूला."

ती उठून खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता गॅव्हिनच्या धंद्याची एक खोच सांगितली पाहिजे. औषधवाल्याला गावातलं असं काही ठाऊक असतं जे पाद्र्यालाही नसतं, आणि ते त्याला बोलता येत नाही. कुणाचे केस कशाने काळे आहेत आणि कुणाला झोप कशाने लागते, हे सगळं त्याच्या पोटात. गावातल्या वयस्कर पुरुषांपैकी निम्मे जण प्रोस्टेटच्या गोळ्या त्याच्याकडूनच नेत. आणि मुतारीच्या बाजूने सर्वांत मोठ्याने ओरडणारे नेमके तेच होते. हे त्याच्या लक्षात यायला इतके दिवस लागले, याचं त्यालाच नंतर आश्चर्य वाटलं.

लक्षात आलं ते असं. क्लॅरी गोळ्या न्यायला आले. त्यांची पद्धत ठरलेली होती. दुकान रिकामं होईपर्यंत ते बाळांच्या दुधाच्या डब्यांवरचा मजकूर वाचत उभे राहत. गॅव्हिनने पाकीट नेहमीप्रमाणे दोन कागदी पिशव्यांत घातलं, आणि घालता घालता त्याला मैदान दिसलं. क्लॅरींचा बाक. गेली कित्येक वर्षं ते त्याच एका बाकावर बसतात, चेंजिंग रूमच्या दाराच्या अगदी जवळच्या. तिथून गोलपोस्ट नीट दिसत नाहीत, तरी तिथेच. आणि सामना ऐन रंगात असताना ते उठतात.

दारं लावलेले तीन संडास झाले, की मध्यंतराला रांग लागणार. चौदा माणसं एकदम उभी राहतात तिथे कुणाला थांबावं लागत नाही. विजेतेपद, पोलाद, खांद्याला खांदा, सगळं खरंच होतं. पण म्हाताऱ्याची भीती रांगेची होती, आणि ती बारमध्ये उभं राहून सांगण्यासारखी नव्हती.

गॅव्हिनने पिशवी पुढे केली, पण सोडली नाही.

"क्लॅरी, गेल्या मोसमात टॅलरूविरुद्ध ब्रेंटनच्या थोरल्याने शेवटच्या क्षणी गोल मारला, तो तुम्ही पाहिलात?"

क्लॅरींनी दुधाच्या डब्याकडे नजर वळवली. "ऐकला."

"ऐकला?"

"आत होतो."

गॅव्हिनने पिशवी काउंटरवर ठेवली. मग तो काउंटर पुसत, जणू आपलं सहजच, म्हणाला, "वेळमापकाच्या खोपटाला लागून मोकळी जागा आहे ना, तिथून मैदान फार छान दिसतं. मुतारी तिथे उघड्यावर बसवली आणि समोर छातीएवढा पत्रा लावला, तर उभ्या उभ्या सगळा सामना दिसेल. एक गोल चुकायचा नाही. बाक तिच्या पुढ्यातच टाकता येईल."

"पुढ्यात म्हणजे किती?"

"बाकावरून उठून मागे वळलं, की आलीच."

"हं." क्लॅरींनी विचार केला. "आणि वास?"

"वारा तिथून पलीकडे वाहतो."

"पलीकडे म्हणजे पाहुण्यांच्या बाजूला? टॅलरूवाले बसतात तिथे?"

"तिथेच."

क्लॅरींनी पिशवी घेतली. दारापर्यंत गेले आणि वळले. "माझ्या मनात हे बरेच दिवस होतं," ते म्हणाले.

कमिटीच्या बैठकीत ही कल्पना क्लॅरींनी मांडली. आपली म्हणूनच मांडली. इतकी वर्षं तरुण पिढीला जे सुचलं नाही ते अनुभवाला सुचतं, असं अध्यक्षांनी बोलून दाखवलं. समान संधी अधिकाऱ्याने यातून काही शिकावं असंही कुणीतरी म्हणालं. गॅव्हिनने मान डोलवली. अभिमान गिळायला पाणी लागत नाही, एवढं त्याला या पदाने शिकवलं होतं. मैदानाच्या हद्दीत हलवायला कौन्सिलची हरकत नव्हती. डुओंगबाईंनी फक्त नव्या जागेचा फोटो पाठवायला सांगितलं, शक्य तर वापरात नसतानाचा.

श्रमदानाचा रविवार ठरला. निम्मं गाव आलं, म्हणजे काम करायला चौघं आणि बाकीचे ते कसं करावं हे सांगायला. दारं गावातल्या बंद पडलेल्या शाळेतून मिळाली होती. ती बालवर्गाची निघाली. आत उभ्या राहिलेल्या मोठ्या माणसाचं डोकं वरून व्यवस्थित दिसे आणि नमस्कारही करता येई. मग एकावर एक अशी दोन दारं जोडून एक दार करायचं ठरलं. वरच्या दारावर सशाचं चित्र आणि खालच्यावर बदकाचं, असे तीन संडास तयार झाले.

ब्रेंटनने ट्रॅक्टर आणला होता. मुतारीला साखळी बांधली.

"मर्व, पाणी बंद केलंस?" गॅव्हिनने विचारलं.

"केलं," मर्व म्हणाला, आणि मग थोडं थांबून, "कुठलं तरी."

"कुठलं तरी म्हणजे?" असं गॅव्हिनने विचारेपर्यंत ब्रेंटनने ट्रॅक्टर पुढे घेतला होता. मुतारी आली. सोबत पाइप आला, पाइपासोबत भिंतीचा तुकडा आला, आणि मग पाणी आलं. ते आधी छताला लागलं, मग सल्लागारांना. त्याच वेळी कँटीनमध्ये चहाच्या बंबाचं पाणी गेलं, आणि मैदानावरचे फवारे आपोआप सुरू झाले. ब्रेंटनने सकाळी उठून स्वतःच्या हाताने मैदानाच्या पांढऱ्या रेषा आखल्या होत्या. त्या सगळ्यांच्या देखत विरघळून गेल्या. सँडविचांची टेबलं नेमकी फवाऱ्याच्या टप्प्यात मांडली होती.

मर्व मधोमध भिजत उभा होता. चेहऱ्यावर अपार शांती. आयुष्यात एकदा तरी आपलं म्हणणं इतक्या लोकांसमोर खरं ठरावं, असं प्रत्येकाला वाटत असतं.

"मी म्हटलं होतं," तो म्हणाला.

मग तो आठवडाभर राबला. कुठला पाइप कुठे जातो हे यारपीनाच्या इतिहासात प्रथमच कुणीतरी शोधून काढलं. शुक्रवारी संध्याकाळी शॉवरला पाणी आलं, तेही गरम. पडदे हेदरने शिवले. मुतारी खोपटाशेजारी उभी राहिली, समोर पत्रा, पत्र्यापुढे बाक. क्लॅरींनी तिचं उद्घाटन कुणालाही न बोलावता केलं.

शनिवार उजाडला. लीगच्या तपासनीस प्रुइटबाई सकाळीच आल्या. हातात फळी, फळीला कागद, कागदाला पेन दोरीने बांधलेलं. गॅव्हिनला त्यांच्यात आपल्यासारखाच एक सावध जीव दिसला आणि तो आणखी घाबरला.

बाईंनी दारं उघडली, लावली, पुन्हा उघडली. ससा बघितला, बदक बघितलं. पडदे ओढून पाहिले. शॉवरखाली हात धरला.

"इथे मुतारी होती ना?"

"बाहेर हलवली."

बाई बाहेर आल्या. पत्र्यावरून पाच-सहा पांढरी डोकी मैदानाकडे बघत होती. सामना सुरूही व्हायचा होता, पण म्हातारे जागेचा सराव करत होते. क्लॅरींनी टोपी उचलून बाईंना अभिवादन केलं. बाईंनीही मान लववली. दुसरं काय करणार?

त्यांनी कागदावर खूण केली. गॅव्हिनने महिन्याभरात पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. तो निम्मा बाहेर पडायच्या आत बाईंनी विचारलं, "छान. आणि पाहुण्यांची खोली?"

"कुठली?"

"पाहुण्या संघाची, मिस्टर पेंगेली. सामन्याला दोन संघ लागतात."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं म्हणतात, ते उगाच नाही. महिनाभर सगळं गाव भांडलं, भिजलं, दारांवर दारं चढवली, आणि इमारतीच्या दुसऱ्या टोकालाही एक चेंजिंग रूम आहे, तिथेही मुली येणार आहेत, हे एकाही डोक्यात आलं नाही. गॅव्हिनने ते दार उघडलं. आत छोटी मुतारी होती, बिनपडद्याचा एक शॉवर होता आणि कडी तुटलेला एक संडास होता. कोपऱ्यात गोलपोस्टांची जुनी कव्हरं होती. बाईंचं पेन कागदावर टेकलं.

बाहेर टॅलरूची बस येऊन थांबली होती. त्यांच्या प्रशिक्षक बाईंनी खाली उतरून इकडेतिकडे पाहिलं, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि पिशवीतून टॉवेल काढायला सुरुवात केली. मुली बसच्या आडोशाला गोळा झाल्या.

"थांबा, थांबा!" गॅव्हिन धावला. "जरा... आमची थोडी..."

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "आम्ही बसमागेच बदलतो. पोरींना सवय आहे."

त्यांनी टोमणा मारला असता तर गॅव्हिनने सहन केला असता. पण त्या खरोखरच त्याची समजूत घालत होत्या. बसमागची एक मुलगी टिलीच्याच वयाची, तिच्यासारखीच लांब हातापायांची. जर्सी छातीशी धरून ती आईसारख्या कुणाच्या तरी आड होण्याची वाट बघत होती.

गॅव्हिन वळला आणि घरच्या चेंजिंग रूमचं दार त्याने ठोठावलं. आतून किंचाळ्या आल्या.

"कोण आहे?"

"मी. बाबा. आत येत नाहीये! टिली, जरा बाहेर ये."

टिलीचं डोकं फटीतून बाहेर आलं. अर्धे केस बांधलेले. "काय?"

"आत जागा आहे का?"

"कुणाला?"

त्याने बसकडे बोट दाखवलं. "त्यांच्यासाठी आपण काहीच केलं नाही. मी विसरलो. सगळेच विसरलो."

टिलीने बसकडे पाहिलं, टॉवेलांकडे पाहिलं. दार लागलं. आत कुजबुज झाली, कुणीतरी "टॅलरू?" असं मोठ्याने म्हणालं, कुणीतरी तिला गप्प केलं. मग दार सताड उघडलं आणि टिली ओरडली, "या गं आत! फक्त तिसऱ्या सशाला कडी नीट लागत नाही, कुणीतरी धरून उभं राहावं लागतं!"

टॅलरूच्या मुली आधी चालत आणि मग पळत आत गेल्या. दार लागलं. मग एकदम हसण्याचा लोट बाहेर आला. बहुधा बदक पाहिलं असावं.

प्रुइटबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "नियमाप्रमाणे दोन्ही संघांची सोय वेगवेगळी हवी."

"हो," गॅव्हिन म्हणाला.

बाई आतला गोंगाट ऐकत राहिल्या. "मी खेळायचे तेव्हा आम्ही गव्हाच्या ट्रकमागे बदलायचो," त्या म्हणाल्या. "कुसळं टोचायची." मग त्यांनी सही केली. "सामने इथेच राहतील. पाहुण्यांची खोली पुढच्या घरच्या सामन्याआधी व्हायला पाहिजे, आणि मी येऊन बघणार."

गॅव्हिन हेदरच्या गाडीपर्यंत आला आणि बॉनेटला टेकला. मैदानाभोवती गाड्या नेहमीसारख्या नाकं आत करून उभ्या होत्या.

"झालं?" हेदरने खिडकीतून विचारलं.

"झालं."

"तोंड का असं?"

"सुटल्यावर असंच होत असेल," तो म्हणाला.

मुली बाहेर आल्या त्या मिसळूनच. टॅलरूला दोन खेळाडू कमी पडले होते, म्हणून रिवाजाप्रमाणे यारपीनाने आपल्या दोघी उसन्या दिल्या. त्यातली एक टिली. टॅलरूची ढगळ जर्सी घालून ती बापासमोरून गेली, आणि जाताना तिने खांदे उडवले. समान संधी अधिकाऱ्याने आता कुणाच्या बाजूने ओरडायचं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं.

यारपीनात गोलाला टाळ्या वाजवत नाहीत, गाड्यांचे हॉर्न वाजवतात. आपल्या गोलाला मैदानभर हॉर्न, पाहुण्यांच्या गोलाला स्मशानशांतता, अशी रीत. शेवटच्या टप्प्यात चेंडू टिलीकडे आला. समोर तिच्याच मैत्रिणी. एकीला तिने चकवलं, दुसरीने तिची जर्सी धरली, तरी तिने पाय फिरवला, आणि चेंडू यारपीनाच्या पोस्टांमधून सरळ पार झाला.

मैदान गप्प. कोपऱ्यात टॅलरूचे मूठभर लोक तेवढे नाचत होते.

गॅव्हिनने खिडकीतून हात आत घातला आणि हॉर्न दाबला.

सगळ्या गाड्यांमधून माना वळल्या. ब्रेंटन आपल्या गाडीतून अर्धा बाहेर आला. "अरे गॅव्ह! डोकं फिरलं का? गोल त्यांचा आहे!"

"माहीत आहे," गॅव्हिन म्हणाला, आणि त्याने पुन्हा हॉर्न दाबला, या खेपेला मघापेक्षा लांब.